होडीला ब्रेक नसतो

आमच्या आळीत नवखा माणूस आला आणि आमचं घर विचारू लागला, तर त्याला कुणी पत्ता सांगत नसे. "वास येईल तिकडं जा," एवढंच सांगत. वास जीपचा होता. ती चालायची पेट्रोलवर, पण उभी असली की अंगणात मासळी वाळत घातल्यासारखी दरवळायची. पनवेलच्या झाडून सगळ्या मांजरांना ती ठाऊक होती.

दुसरी मोठी लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या जिपा लिलावात निघाल्या, तेव्हा बाबांनी ही आणली. आमचं मिठागर उरणच्या अंगाला, खाडीला लागून होतं. गावात मोटारी होत्या, पण त्या वकील-डॉक्टरांच्या; मिठागराच्या बांधावर नेल्या असत्या तर पोटावर बसल्या असत्या. आमच्या जीपमधून सकाळी मिठाची पोती जात आणि दुपारी पाहुणे. बाबांनी सुताराकडून मागे लाकडी बाकं करून घेतली होती आणि पुढच्या उजव्या सीटच्या जागीही एक रुंद बाकडं बसवलं होतं. घरात आम्ही तिघंच: बाबा, आई आणि मी. थोरली बहीण लग्न होऊन पेणला गेली होती.

जीपला बाबांशिवाय कुणाचा हात लागत नसे. पुण्याच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांसाठी दोन-चार गॅरेजं होती. तिथल्या मिस्त्र्यांशी बाबांचा रामराम होता, त्यापुढे काही नाही. "चाय प्यायला जाईन, गाडी दाखवायला नाय," ते म्हणत. अंगणात गोणपाट अंथरायचं, नट-बोल्टचे पाने आकाराप्रमाणे ओळीने मांडायचे आणि धोतर खोचून खाली शिरायचं. प्लग घासणं, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरणं, रेडिएटरचं भोक बुजवणं, सगळं घरच्या घरी. आई म्हणे, या माणसाचं तोंड मी कमी बघितलंय आणि पाय जास्त.

मिठागरावरून आल्यावर जीप गोड्या पाण्याने धुवायची हा घरातला पहिला नियम होता. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला तरी जीपच्या कळशा ठरलेल्या. आईने एकदा विचारलं, "माणसांच्या आंघोळीचं काय?" बाबा म्हणाले, "माणसाला गंज धरत नाय." यावर आई जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

पण पाण्याने वरवरचं मीठ जातं. खालचं सांध्यासांध्यांत बसतं आणि लोखंड पोखरत राहतं. काही वर्षांत पायाखालचा पत्रा इतका विरला की बसल्या जागी रस्ता दिसू लागला. तेव्हा बाबांना तेल सुचलं. आमच्या खाडीत मिरगाच्या आधी होड्या वर ओढून घेतात आणि तळाला मुशीचं तेल चोपडतात. मुशी हा शार्कच्या जातीतला मोठा मासा, त्याच्या यकृतातून हे तेल निघतं. बाबांचा हिशेब सरळ होता. त्या तेलावर लाकूड पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यात टिकतं, तर लोखंडाने काय घोडं मारलंय?

मग दर वर्षी मे महिना संपता संपता तेलाचा डबा घरी येऊ लागला. बाबा ते कोमट करत आणि काथ्याच्या कुंच्याने जीपचं सगळं पोट रंगवून काढत. एक बोटभर जागा कोरडी सोडायची नाही, हा दुसरा नियम. मांजरं चाकांशी अंग घासत बसत. शेजारचे वकील तो आठवडाभर खिडक्या लावून घेत आणि बायकोला माहेरी पाठवत. तेलाने गुण दिला हे मात्र कबूल केलं पाहिजे. गंज थांबला. कुणी पाहुणा आला की बाबा त्याला खाली वाकायला लावत आणि पान्याने चासीवर ठोका देऊन म्हणत, "ऐक, घंटेगत वाजतंय." मिठागरवाले, होडीवाले, बाजारातले व्यापारी, सगळ्यांनी तो ठोका ऐकला होता. वय झालेला माणूस नातवंडांचं कौतुक सांगतो तसे बाबा चासीचं सांगत.

आता एक सांगितलं पाहिजे. जीप अमेरिकेहून आलेली, म्हणून तिचं स्टीअरिंग डावीकडे होतं. पुढे ट्रक किंवा बैलगाडी असली की चालवणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नसे. मग उजवीकडे बसलेल्याने बाहेर मान काढायची आणि सांगायचं. समोरून कुणी येत असेल तर "येऊ दे त्याला," आणि रस्ता रिकामा असेल तर "मोकळा." आमच्या घरात हे काम माझं होतं, शाळेत होते तेव्हापासून. मी "मोकळा" म्हटलं की बाबा मागचापुढचा विचार न करता गाडी उजवीकडे घालत. स्वतः बघायला वाकत नसत. माझ्या एका शब्दावर आम्हा तिघांचा जीव असे आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. स्टीअरिंगला हात लावलेला मात्र त्यांना खपत नसे.

आणि मला जीप चालवायची होती. हौस होती हे खोटं नाही, पण गरजही होती. शिकून मी शिरढोणच्या शाळेत मास्तरीण झाले होते. सकाळची एस.टी. मला तिथे पोचवायची ती प्रार्थना संपून पहिला तास सुरू झाल्यावर. पावसाळ्यात मिठागर बंद असतं, तेव्हा बाबा मला सोडत. दिवाळीनंतर मिठाची कामं सुरू झाली की ते पहाटेच खाडीवर जायला हवेत, आणि मी एस.टी.च्या नशिबावर. हेडमास्तरांनी पहिल्या वर्षी ऐकून घेतलं. मग सांगितलं, की पुढच्या दिवाळीनंतर हे चालणार नाही, वेळेवर येणारं दुसरं कुणीतरी बघावं लागेल. बाबा म्हणाले, "सोड मग. कोण उपाशी हाय हितं?" मी म्हटलं, मला जीप शिकवा, मी तुम्हाला खाडीवर सोडून शाळेत जाते.

त्यांनी हातातला पाना पुसून ओळीत ठेवला. मग म्हणाले, "आदी गाडीखाली ये. खालचं कळलं तर वर बसशील."

त्यांना वाटलं असावं मी घाबरेन. मी बाबांचा जुना लेंगा आणि सदरा चढवला आणि गोणपाटावर पाठ टेकली. हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी मी त्या वासात पडून असे. डोळ्यांत माती, केसांत तेल. आई म्हणायची, बघायला आलेला पावणा फाटकातूनच मागं फिरंल. फिरला तर फिरला. ग्रीस कुठे भरायचं, चाक कसं उतरवायचं, ब्रेकचं तेल पायाकडून चाकांपर्यंत कुठून कसं जातं, हे मला पाठ झालं. बाबा चांगले शिकवत. ओरडत नसत, हात धरून पाना लावून देत. मग मिठागराच्या सुकलेल्या आवारात त्यांनी मला गिअर शिकवले आणि लायसनही काढून दिलं. पण रस्त्यावर गाडी द्यायची वेळ आली की काहीतरी निघे. आज बाजार आहे, आज टायर बरा नाही, आज आई सोबत आहे.

मे महिन्यात पेणला बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. व्याह्यांनी बाबांना आग्रह करकरून वाढलं आणि निघताना जीपमध्ये एक भला मोठा फणस टाकला. बाबांचे डोळे मिटू लागले होते. जीपशी आल्यावर म्हणाले, "चल, तू घे आज."

मला काय वाटलं ते सांगायला नको. मी डावीकडे बसले, बाबा माझ्या जागी, उजवीकडच्या बाकड्यावर. आई फणसाला धरून मागे. बाबांची झोप उडाली ती तिथेच. प्रत्येक वळणावर त्यांचे दोन्ही पाय समोरच्या पत्र्याला घट्ट टेकत, जणू तिथे त्यांचा वेगळा ब्रेक होता. पत्रा कुरकुरायचा. मी बघून न बघितल्यासारखं केलं. कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत गाडी नीट आली.

खिंड ओलांडून आम्ही पनवेलकडच्या उताराला लागलो आणि मी ब्रेकवर पाय ठेवला, तर पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला. खाली काही नव्हतंच. मी गिअर पाडला, इंजिन ओरडलं, आणखी एक पाडला, हँडब्रेक ओढला. वेग कमी झाला पण गाडी थांबेना. पुढे वळणावर रस्तेवाल्यांनी टाकलेला मुरमाचा ढीग होता. मी जीप त्यात घातली. ती नाक खुपसून थांबली. फणस मात्र थांबला नाही. तो मागच्या बाकावरून उडी मारून रस्त्यावर पडला आणि एकटाच शिरढोणच्या दिशेने निघून गेला.

कुणाला काही लागलं नव्हतं. बाबांची कंबर तेवढी हिसक्याने धरली होती. ते कष्टाने उतरले, आधी आईकडे बघितलं, मग जीपकडे. मग मला म्हणाले, "येवढा दाबतात का ब्रेक? तोडलास. पायाला अंदाजच नाय तुज्या." आणि मला बाजूला सारून, तशा दुखत्या कमरेने, नुसत्या गिअरवर आणि हँडब्रेकवर त्यांनी जीप घरी आणली. मी उजवीकडे बसून "मोकळा, मोकळा" म्हणत होते, कारण ते काम माझंच होतं.

ही हकीगत दुसऱ्या दिवशी गावभर झाली आणि ती बाबांनीच केली. "पोरीनं ब्रेक तोडला," असं ते ओट्यावर येईल त्याला सांगत. रागाने नाही, हसत. बायकांच्या पायाला अंदाज नसतो, यावर येणारा मान डोलवी आणि चहा पिऊन जाई. गाडी कुणी थांबवली, हे त्या गोष्टीत येत नसे. मला त्याचा संताप आला. आजही हे लिहिताना येतो.

मुंबईहून नव्या रबरी नळ्या आल्या. ब्रेकचं तेल लोखंडी नळीतून येतं, पण चाक वरखाली हलतं म्हणून शेवटचा हातभर तुकडा रबराचा असतो. फुटला होता तो तुकडा. बाबांना वाकता येत नव्हतं आणि मिस्त्री बोलावणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून मी खाली गेले आणि ते ओट्यावर उशी घेऊन सूचना देत बसले. फुटकी नळी हातात आली तेव्हा मी पाना खाली ठेवला. ती फुगून दुप्पट झाली होती. दाबली की बोट आत जात होतं आणि वरचा थर बोटाला चिकटून निघत होता, दुधात भिजलेल्या भाकरीसारखा. नाकाशी नेली. मुशीचं तेल. मग मी इतर चाकांच्या नळ्या चाचपल्या. त्या फुटल्या नव्हत्या, पण फुगल्या होत्या. त्यांच्यावर तर कुणी जास्त पाय दिला नव्हता.

मी बाहेर आले आणि नळी बाबांपुढे ठेवली. "माझ्या पायानं नाही," मी म्हटलं, "तुमच्या तेलानं गेली."

बाबांनी ती उलटीपालटी करून बघितली. "तेलानं काय व्हतंय? होड्या बग. आमच्या आज्याची होडी अजून तरंगते याच तेलावर."

"होडीला रबर नसतं, बाबा. होडीला ब्रेक नसतो."

त्यांनी नळी ओट्यावरून खाली टाकली. एक मांजर ती उचलून घेऊन गेलं. मी आत जाऊन हात धुतले.

शाळेत मी शास्त्र शिकवत होते. तोंडाने सांगून जे डोक्यात शिरत नाही ते मुलांना करून दाखवायचं असतं. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन सारखे तुकडे कापले. एक करवंटीत पाणी घालून त्यात ठेवला, दुसरा मुशीच्या तेलात. दोन्ही करवंट्या जाळीने झाकून ओट्यावर ठेवल्या, बाबांच्या पानाच्या डब्याशेजारी. येताजाता त्यांची नजर जायचीच. आठवड्याभरात तेलातला तुकडा सुजला आणि मऊ पडला, पाण्यातला होता तसाच राहिला. मी कुणाला काही दाखवलं नाही. एके सकाळी बघते तर दोन्ही करवंट्या गायब. आईला विचारलं, तर ती म्हणाली, तिने नाही उचलल्या.

मे संपत आला आणि ठरल्याप्रमाणे तेलाचा डबा आला. मला धक्का बसला. कंबर बरी झाली होती. बाबांनी गोणपाट अंथरलं, तेल कोमट केलं आणि कुंचा घेऊन खाली शिरले. वकिलांच्या खिडक्या लागल्या. मला हाक मारली नाही. मी दारात उभी राहून ते पाय बघत होते आणि मनात म्हणत होते, या माणसाला काय सांगावं!

ते मिठागरावर गेल्यावर मी खाली जाऊन बघितलं. चासीला तेल होतं, पाट्यांना होतं, बोटभर जागा कोरडी नव्हती. पण ब्रेकच्या चारही नळ्यांना केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, पट्टे गुंडाळले होते आणि वरून सुतळी इतक्या नेटकेपणाने बांधली होती, की जखमेची पट्टीही कुणी अशी बांधत नाही. तेलाचा एक थेंबही आत गेला नव्हता.

मी तशीच पडून राहिले. म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि त्याच संध्याकाळी खाडीवरचा कुणी ओळखीचा आला, त्याला बाबांनी चासीचा ठोका ऐकवला आणि मग हसत हसत सांगितलं, "पोरीनं ब्रेक तोडला रे कर्नाळ्याला." मी चहा घेऊन येत होते. कपबशी मी जरा जोरातच ठेवली.

पावसाळा आला. बाबा मला रोज शाळेत सोडत. मी उजवीकडून "येऊ दे त्याला" आणि "मोकळा" म्हणत असे, आणि त्याव्यतिरिक्त आम्ही जवळजवळ बोलत नसू. गाडी मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. आई एकदा भाजी निवडताना म्हणाली, "त्यांना टाईम लागंल." मी म्हटलं, दिवाळीपर्यंतच टाईम आहे. तिने पुढची जुडी ओढली. हेडमास्तरांनी गणपतीच्या सुट्टीनंतर मला पुन्हा एकदा विचारलं, आणि मी सांगितलं की सोय होतेय. होत काहीच नव्हती.

दसरा झाला. पेणला त्याच भाच्याचं जावळ होतं. जेवणं झाली, व्याह्यांनी या वेळी नारळ दिले, आणि आम्ही परत निघालो. बाबा चालवत होते. कर्नाळ्याच्या खिंडीत, बरोबर उतार सुरू होतो तिथे, त्यांनी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" आईने मागून विचारलं.

"ऊन डोल्यांवर येतंय," बाबा म्हणाले.

आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता. ते उतरले, जीपच्या नाकासमोरून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि उभे राहिले. मी डावीकडे स्टीअरिंगमागे सरकेपर्यंत ते कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघत राहिले.

त्या दिवाळीनंतर मी बाबांना खाडीवर सोडून रोज शाळेत जीप नेऊ लागले. घंटेच्या आधी ती आवारात उभी असे आणि मुलं नाक धरून तिच्याभोवती फिरत. नोकरी टिकली. ओट्यावरची गोष्ट बाबांनी कधी बदलली नाही. फक्त सांगेनासे झाले. कुणी आठवण काढली तर म्हणत, "जुनं झालं ते." माझी चूक नव्हती असं ते मला शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

पण तो उतार मी विसरले नाही. मी चावी फिरवली, ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि गाडी सोडली. मला बाबांच्या पायांखालच्या पत्र्याचा आवाज येईल असं वाटत होतं. तो आला नाही. मी तिरक्या नजरेने बघितलं. बाबांनी चपला काढून दोन्ही पाय वर घेतले होते आणि बाकड्यावर मांडी घालून बसले होते, जेवायला पाटावर बसावं तसे, हात गुडघ्यांवर ठेवून. मुरमाचा ढीग होता ते वळण आलं आणि गेलं, त्यांनी मांडी मोडली नाही.

मला रडू फुटलं असतं. पण पुढे पेंढ्याने भरलेली बैलगाडी होती, तिच्यापलीकडचं मला काही दिसत नव्हतं, आणि बाबा मान बाहेर काढून म्हणाले, "येऊ दे त्याला."